सर वर स्टुडिओत आहेत

१

दार उघडलं तेव्हा पालकांचा आणि मुलांचा घोळका एकमेकांच्या खांद्यांवरून आत डोकावत होता. मीडियाच्या कॉलेजातला खराखुरा रेडिओ स्टुडिओ बघायला मिळणार म्हणून काहींनी मोबाइल आधीच वर धरले होते. त्यामुळे विभागप्रमुखांचं प्रेत निम्म्या लोकांना पहिल्यांदा दिसलं ते मोबाइलच्या पडद्यावर.

टेबल आणि काच यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ते पालथे पडले होते. डोक्याच्या मागच्या बाजूचं जे झालं होतं ते बघून एका बाईनं मुलाचं तोंड आपल्या खांद्यात दाबलं. शेजारी माइकचा स्टँड आडवा होता, बुडाशी जाड लोखंडी तबकडी असलेला. मागचा एक मुलगा हसलासुद्धा. त्याला वाटलं, हे नाट्यविभागाचं काहीतरी प्रात्यक्षिक असणार.

सगळ्यांना वर घेऊन आलेले प्रवेश समन्वयक चौकटीला धरून उभे राहिले. "सर," एवढंच ते दोनदा म्हणाले. गर्दीतून एक पिकल्या केसांची बाई गुडघ्यावर हात देत पुढे आली. ती आवाज न चढवता म्हणाली, "सगळ्यांनी मागे व्हा. कशाला हात लावू नका. फोटो काढलेत ते पोलिसांना द्यायचेत, पुसू नका." असं बऱ्याच ठिकाणी बोलून झालेल्या माणसासारखं ती बोलली, आणि लोक खरोखरच मागे सरले.

दाराच्या वर लाल दिवा अजून जळत होता. दारासमोरच्या बाकावर साधारण पंचेचाळिशीची एक बाई मांडीवर पर्स घेऊन बसली होती. घोळका जिना चढून आला तेव्हाही ती तशीच बसलेली होती. आत काय झालंय हे तिला दिसत नव्हतं. तिनं मान उंच करून विचारलं, "आहेत ना सर आत? मी केव्हाची थांबलेय त्यांच्यासाठी."

२

पिकल्या केसांची बाई पोलिसांत होती. गुन्हे शाखेत उभं आयुष्य काढून, गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा निवृत्त झाली. इथे ती आली होती भाचीबरोबर, आत्या म्हणून.

भाचीला घरात टिटवी म्हणत, कारण ती गप्प बसत नसे. तिची शाळा संपली होती आणि तिला मीडियाचाच कोर्स करायचा होता. तिचे वडील दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावणाऱ्या या माणसाला मुलीचं तोंड काही बंद करता आलं नाही. शेवटी त्यांनी बहिणीला गळ घातली. म्हणाले, तुझा जन्म खोटं बोलणाऱ्यांत गेलाय, ही कॉलेजवाली माणसं काय बोलतात ते तू ऐक आणि मला सांग.

त्या दोघींनी बरीच कॉलेजं पालथी घातली. सगळीकडे तीच माहितीपत्रकं, तेच हसणारे विद्यार्थी, नोकऱ्यांची तीच हमी. कंटाळून टिटवीनं स्वतःचा एक प्रश्न तयार केला. तुमची स्वतःची मुलगी असती तर तिला इथे घातलं असतं का, असं ती बेधडक विचारायची आणि उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड करून घरी वडिलांना ऐकवायची. एका ठिकाणचे प्राध्यापक खोटं खोटं हसले. एकांनी पाणी मागवलं. एक बाई आधी चिडल्या, मग दार लोटून हळूच म्हणाल्या, नाही, आणि तूही येऊ नकोस.

त्या सकाळी या कॉलेजच्या फाटकात विभागप्रमुख स्वतः लोकांचं स्वागत करत होते. किडकिडीत माणूस, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. टिटवीनं तिथेच प्रश्न टाकला. ते हसले नाहीत. तिच्याकडे बघत राहिले, इतका वेळ की आत्यालाच अवघडल्यासारखं झालं.

"हा प्रश्न इथे नको," ते म्हणाले. "सभागृहात विचार. मी समोरच असेन. मला त्याचं उत्तर सगळ्यांदेखत द्यायचंय. जरा वेळ लागेल, पण देईन."

तेवढ्यात समन्वयक आले. ते पूर्वी टीव्हीवर बातम्या वाचत. आवाज इतका मऊ की मुलं त्यांना मखमलसर म्हणत. त्यांनी विभागप्रमुखांच्या कोपराला हलकेच धरलं आणि दोघं बोलत बोलत इमारतीत गेले. विभागप्रमुखांना जिवंत बघण्याची आत्याची आणि टिटवीची ती शेवटचीच वेळ.

३

सभागृह तुडुंब भरलं होतं. सुरुवातीला मखमलसरांनी बनवलेली, कॉलेजची ओळख करून देणारी फिल्म दाखवली. पहिलंच दृश्य उंचावरून घेतलेलं होतं. कोवळं ऊन, खाली खेळण्यातल्यासारखी इमारत, झाडं, सायकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टिटवी आत्याच्या कानाशी लागली, "हा ड्रोन नाहीये गं. कुणीतरी कॅमेरा हातात धरलाय. बघ, श्वासाबरोबर हलतोय."

मग मखमलसर व्यासपीठावर आले. म्हणाले, सरांची पाठ धरल्यामुळे त्यांना जिने उतरणं जमणार नाही. सर वर स्टुडिओत आहेत. ते तिथून थेट आपल्याशी बोलतील. चेहरा दिसणार नाही, पण रेडिओ असाच असतो ना, डोळे मिटून ऐकायचा. लोक हसले. पुढच्या रांगेत बसलेल्या संचालिकांनी मात्र भुवई उंचावली.

प्रश्न सुरू झाले. कुणी विचारलं, की मखमलसर तो नेटका करून माइकवर पुन्हा सांगत आणि मग समोरच्या लॅपटॉपमधून सरांचा आवाज सभागृहात घुमे. एका गृहस्थांनी विचारलं, माझा मुलगा अडखळत बोलतो, त्याला इथे हसतील का? मखमलसर म्हणाले, "म्हणजे व्यक्तिमत्त्व विकासासाठी आपण काय करतो?" सरांनी व्यक्तिमत्त्व विकासाबद्दल छान सांगितलं. एका आईनं विचारलं, शूटिंगला मुलांना कुठे कुठे पाठवता, बरोबर कोण असतं? तो प्रश्न झाला, "प्रात्यक्षिक शिक्षणावर आपला किती भर आहे?" भर बराच होता.

टिटवी उभी राहिली. तिनं आपला प्रश्न खणखणीत आवाजात विचारला. मखमलसर गोड हसले. "म्हणजे मुलींसाठी इथलं वातावरण कसं आहे, असंच ना? सर, मुलींसाठी आपल्याकडचं वातावरण?"

"मुलींसाठी आमच्याकडचं वातावरण अतिशय मोकळं आणि सुरक्षित आहे," सरांचा आवाज म्हणाला. पुढे वसतिगृह आलं, ग्रंथालय आलं.

टिटवी खाली बसली. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. "फाटकात काय बोलले आणि इथे काय बोलतायत," ती पुटपुटली. "हेही तसलेच निघाले."

शेवटी मखमलसरांनी लॅपटॉप मिटला आणि म्हणाले, चला, आता प्रत्यक्ष सरांनाच भेटू या. सगळे त्यांच्यामागून तिसऱ्या मजल्यावर गेले. जिन्याचं वळण घेतलं तेव्हा आत्या त्यांच्या अगदी मागे होती. बाकावर बसलेली ती बाई दिसताच मखमलसर दचकले. दार तर अजून उघडायचं होतं.

४

तपासाला आलेला निरीक्षक एके काळी आत्याच्या हाताखाली होता. तिला बघून त्याला हायसं वाटलं आणि थोडी धास्तीही. त्यानं संचालिकांच्या शेजारची खोली घेतली आणि आत्याला कोपऱ्यातली खुर्ची दिली.

डॉक्टरांनी सांगितलं, घाव मागून, एकच. वेळ म्हणाल तर सकाळी फाटकापासून दुपारपर्यंत केव्हाही, याहून नेमकं काही सांगता येणार नाही. पण नेमकं सांगायला अख्खं सभागृह होतं. सर शेवटच्या प्रश्नापर्यंत बोलत होते. म्हणजे खून झाला तो बोलणं संपल्यावर आणि लोक वर पोचायच्या आधी, त्या थोड्याशा वेळात.

स्टुडिओची किल्ली साउंडवाल्याकडे असे. तो फाटकाजवळच्या कर्ण्यांशी होता म्हणाला, पण त्याला तिथे पाहिल्याचं कुणी सांगेना. सरांशी त्याचं पटत नव्हतं हे त्यानं लपवलं नाही. गेले काही दिवस रेकॉर्डिंगच्या वेळी रोज खटके उडत होते, त्यांना कुणी काही सांगितलेलं खपत नसे, असं तो रागानंच म्हणाला. मग त्याचे डोळे भरून आले आणि त्याचाही त्याला राग आला.

संचालिका बाईंचं लक्ष सतत फोनकडे होतं. वार्ताहर फाटकापर्यंत आले होते. सर व्यासपीठावरच बसणार असं ठरलं होतं, पाठदुखीचं त्यांना तिथेच कळलं, असं त्यांनी सांगितलं. बाकावरच्या बाईचा विषय निघाल्यावर त्या आणखी ताठ झाल्या. त्या बाई गाडी चालवायला शिकवतात. त्यांचा मुलगा इथेच दुसऱ्या वर्षाला होता. गेल्या वर्षी सुट्टीच्या दिवशी आवाराच्या मागच्या पाण्याच्या टाकीवरून पडून गेला.

"कुणी चढायला सांगितलं नव्हतं. स्वतःच्या लहरीनं चढला," संचालिका म्हणाल्या. "रीतसर चौकशी झाली आहे."

चौकशी कुणी केली, असं आत्यानं सहज विचारलं. संचालिकांनी समन्वयकांचं नाव घेतलं. विद्यार्थ्यांचं सगळं तेच बघतात म्हणाल्या.

मखमलसर बोलताना मधेच थांबत होते, डोळे टिपत होते. त्यांच्यावर संशय घ्यायला जागाच नव्हती. पहिल्या प्रश्नापासून शेवटपर्यंत ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभे होते. कार्यक्रम संपता संपता आपण सरांशी हेडफोनवर बोललो, असं त्यांनी जबानीत सांगितलं. "मला म्हणाले, मंडळींना वर घेऊन ये. त्यांचे शेवटचे शब्द तेच."

निरीक्षकानं वही मिटली. साउंडवाल्याला आत घ्यायचा, असं त्यानं जवळजवळ ठरवलं होतं. पण त्याला वाचवणारी साक्ष बाहेर बाकावर बसलेली होती, आणि ती साक्ष देणाऱ्यालाच गोत्यात आणणार होती.

५

ड्रायव्हिंगवाल्या बाई शांतपणे आणि कमी शब्दांत बोलत. नवशिक्यांना शिकवून शिकवून तशी सवय झाली असावी. सरांनी आदल्या दिवशी फोन केला होता, असं त्यांनी सांगितलं. तुमच्या मुलाबद्दल मला जे कळलंय ते मी उद्या सगळ्यांसमोर बोलणार आहे, तुम्ही स्टुडिओत या, आपण दोघं बरोबरच खाली जाऊ. काय कळलंय ते त्यांनी फोनवर सांगितलं नाही. समोरासमोर सांगतो म्हणाले.

बाई कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच वर पोचल्या. लाल दिवा लागलेला होता. दिवा असला की दार वाजवायचं नाही हे मुलाकडून त्यांना ठाऊक होतं. म्हणून बाकावर बसल्या.

निरीक्षकानं विचारलं, तेवढ्या वेळात आत कोण गेलं? साउंडवाला आला होता का?

"कुणी आत गेलं नाही," बाई म्हणाल्या, "आणि कुणी बाहेर आलं नाही."

निरीक्षक भला माणूस होता. त्यानं त्यांना वाट करून द्यायचा प्रयत्न केला. म्हणाला, नीट आठवा, मध्ये कुठे उठला असाल, पाणी प्यायला गेला असाल, डोळा लागला असेल.

"शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून कुणाचा डोळा लागत नाही हो," त्या म्हणाल्या. "मला ती सवयच नाही. मी दाराकडेच बघत होते."

स्टुडिओला दुसरं दार नव्हतं, खिडकी नव्हती. सर शेवटपर्यंत जिवंत होते, बाहेरून कुणी आत गेलं नाही, आणि दाराशी होती फक्त एक आई, जिचा मुलगा याच कॉलेजात मेला होता. निरीक्षकानं आत्याकडे पाहिलं. बाईंना गाडीत बसवून नेताना फाटकातल्या वार्ताहरांनी कॅमेरे रोखले. बाईंनी पर्स तोंडासमोर धरली नाही. त्या फक्त पाठमोऱ्या होऊन पाण्याच्या टाकीकडे बघत राहिल्या, गाडीचं दार लागेपर्यंत.

६

संध्याकाळी घरी टिटवीचे वडील तडकले होते. मीडिया बिडिया आता पुरे, हिशेबाच्या कोर्सला नाव घालायचं, असं त्यांनी जाहीर केलं. टिटवी कधी नव्हे ती गप्प होती. मोबाइलला कानातल्या वायरी लावून ती सकाळचं रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकत होती.

आत्या आरामखुर्चीत गुडघा शेकत बसली होती. तिला त्या बाईंच्या जबानीचं कोडं सुटत नव्हतं. ज्यानं खून केलाय तो माणूस म्हणतो, मी तिथे नव्हतो. नाहीतर म्हणतो, एक जण पळताना पाहिला, निळा शर्ट होता. निरीक्षकानं तर साउंडवाल्याचं नाव ताटात वाढून दिलं होतं. नुसती मान हलवली असती तरी सुटल्या असत्या. ज्या साक्षीनं स्वतःचाच गळा आवळला जातो ती साक्ष माणूस देतो, कारण ती खरी असते.

मग ती खरी धरली तर? कुणी आत गेलं नाही, कुणी बाहेर आलं नाही. तर मग बाई यायच्या आधीच सगळं उरकलं होतं. पण सर तर नंतर बोलत होते.

"आत्या," टिटवी म्हणाली, "एक गंमत ऐक. म्हणजे गंमत नाही."

तिनं आधी दुसऱ्या कॉलेजांतली उत्तरं ऐकवली. प्रश्न संपला की प्रत्येक ठिकाणी खळ पडत होता. कुणी घसा खाकरत होतं, कुणी अं अं करत होतं, खुर्ची करकरत होती. मग तिनं आजचं लावलं. मखमलसरांचा शब्द संपतो न संपतो तोच सरांचा आवाज सुरू.

"फाटकात किती वेळ बघत राहिले होते माझ्याकडे," टिटवी म्हणाली. "आणि इथे क्षणभरसुद्धा थांबले नाहीत. जणू प्रश्न ऐकलाच नाही."

आत्यानं शेकायची पिशवी बाजूला ठेवली. "पुन्हा लाव. सगळे प्रश्न लाव."

दोघींनी सुरुवातीपासून ऐकलं. अडखळणाऱ्या मुलाचे वडील, शूटिंगबद्दल विचारणारी आई. एकाही उत्तरात सरांनी कुणाला नाव विचारलं नव्हतं, कुणाला उलटा प्रश्न केला नव्हता, मखमलसरांना एकदाही हाक मारली नव्हती. लोकांच्या प्रश्नाला ते उत्तर देतच नव्हते. उत्तर होतं ते मखमलसरांनी बदलून घेतलेल्या प्रश्नाला.

"सगळी कॉलेजं तेच बोलतात, सगळे पालक तेच विचारतात," आत्या हळूहळू म्हणाली. "उत्तरं आधी तयार असली, की मेलेला माणूससुद्धा देऊ शकतो."

टिटवीनं मोबाइल पालथा ठेवला. ज्याला तिनं मनातल्या मनात खोटारडा ठरवला तो माणूस त्या वेळी वर जमिनीवर पडला होता.

आत्यानं निरीक्षकाला फोन लावला. उद्या सकाळी सगळ्यांना सभागृहात बोलाव म्हणाली. आणि त्या बाईंनाही आण.

७

रिकाम्या सभागृहात माणसं विखरून बसली. संचालिका पुढे, मखमलसर त्यांच्या शेजारी, साउंडवाला भिंतीला टेकून, ड्रायव्हिंगवाल्या बाई एका महिला शिपायाबरोबर. आत्यानं काही प्रस्तावना केली नाही. तिनं साउंडवाल्याला जवळ बोलावलं, टिटवीचा मोबाइल त्याच्या कानाशी धरला आणि नुसतं ऐक म्हणाली.

तो ऐकत होता. मध्येच त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हे माझं रेकॉर्डिंग आहे," तो म्हणाला. "कॉलेजच्या वेबसाइटवर टाकायला सरांची उत्तरं घेतली होती. इथे टक्क वाजलं बघा, सरांच्या घड्याळाचा पट्टा टेबलावर आपटलाय. घड्याळ काढा म्हटलं की ते चिडायचे. तुमच्याकडे कसं आलं हे?"

"काल या सभागृहात वाजलं," आत्या म्हणाली. "ही रेकॉर्डिंगं तू कुणाला दिली होतीस?"

साउंडवाल्यानं मखमलसरांकडे पाहिलं. बाकी सगळ्यांनीही पाहिलं.

मखमलसर खचले नाहीत. त्यांनी सुस्कारा सोडला आणि मऊ आवाजात कबूल केलं, की हो, उत्तरं रेकॉर्ड केलेलीच होती. सरांना बोलवत नव्हतं, त्यांनीच तसं करायला सांगितलं. लोकांना फसवलं ही चूक, पण ती सरांच्या शब्दाखातर. यात खून कुठे आला?

"सरांना बोलवत नव्हतं?" आत्या म्हणाली. "फाटकात त्यांनी माझ्या भाचीला सांगितलं, मी समोर असेन आणि सगळ्यांदेखत उत्तर देईन. या बाईंना सांगितलं, आपण बरोबर खाली जाऊ. तो माणूस खाली यायला निघाला होता. आणि तुम्ही काल जबानी दिलीत, की शेवटी सर हेडफोनवर म्हणाले, मंडळींना वर घेऊन ये. उत्तरं देत नव्हते तर कार्यक्रम संपल्याचं त्यांना कळलं कसं? ते तेव्हा जिवंत होते हे पटवायची गरज एकाच माणसाला होती."

मखमलसर काही बोलणार होते. आत्यानं हात वर केला.

"जिना चढून आल्यावर बाकावर या बाई दिसल्या आणि तुम्ही दचकलात. दार उघडल्यावर दचकायला हवं होतंत. तुम्ही दिवा लावून गेलात ते कुणी आत येऊ नये म्हणून. पण तिथे कुणी दाराकडे टक लावून बसेल हे तुमच्या हिशेबात नव्हतं."

मग तिनं निरीक्षकाला खूण केली. पडद्यावर कॉलेजची फिल्म सुरू झाली. कोवळं ऊन, खाली खेळण्यातल्यासारखी इमारत, सायकली. निरीक्षकानं चित्र तिथेच थांबवलं.

"आवारात एवढी उंच जागा एकच आहे," आत्या म्हणाली. "कॅमेरा हातात धरलेला आहे. ही फिल्म तुम्ही बनवलीत. हे दृश्य कुणी घेतलं?"

संचालिकांनी सावकाश मान वळवून शेजारी पाहिलं आणि एक खुर्ची सोडून पलीकडे सरकल्या. ड्रायव्हिंगवाल्या बाई उठून पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. चित्राच्या कडेला टाकीच्या कठड्याचा गंजका तुकडा आला होता आणि त्यावर मनगटापर्यंत एक हात. बाई त्या हाताकडे बघत राहिल्या. मग वळल्या.

"तो चढायला तयार होता का?" त्यांनी विचारलं. "एवढंच सांगा मला."

मखमलसरांनी तोंड उघडलं. त्या ओळखीच्या आवाजाचं काही उरलं नव्हतं, घशातून नुसती घरघर आली.

"दोनदा नको म्हणाला," तो म्हणाला.

पुढचं त्यानं निरीक्षकाला सांगितलं, खाली बघत, एका दमात. दृश्य मिळालं तर उत्तम गुण देईन, नाही मिळालं तर वर्ष विसर, असं त्यानं मुलाला धमकावलं होतं. मुलगा पडल्यावर कॅमेरा उचलून नेला होता. पुढे फिल्म बघताना सरांना कठड्यावरचा तो हात दिसला आणि ते दृश्य कुणी घेतलं होतं ते त्यांनी ओळखलं. त्या सकाळी स्टुडिओत सर म्हणाले, तूच आधी सांग, मी संधी देतोय तुला, नाहीतर मी सांगेन. तू कबूल केलंस तर मी तुझ्या शेजारी उभा राहीन. एवढं बोलून ते जायला वळले.

"त्यांनी पाठ फिरवली नसती तर," तो म्हणाला, आणि निरीक्षकानं त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही.

८

बाईंना त्याच दिवशी सोडलं. वार्ताहर या वेळीही फाटकात होते, पण आता त्यांना मखमल हवा होता, त्यामुळे बाई मागच्या मागे निघून गेल्या. कॉलेजनं पत्रक काढलं. त्यात दुःख होतं, धक्का होता, आणि पुढच्या वर्षीचे प्रवेश ठरल्याप्रमाणे होतील हेही होतं.

टिटवीच्या वडिलांना वाटलं, आता तरी पोरगी ऐकेल. जेवताना त्यांनी विषय काढला. टिटवी पाण्याचा पेला फिरवत बसली होती.

"बाबा, अख्ख्या सभागृहाला मेलेल्या माणसानं उत्तरं दिली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या," ती म्हणाली. "मीसुद्धा तिथेच होते. मला घरी येईपर्यंत कळलं नाही. हे तिथल्या तिथे कळायला हवं होतं मला. ते कुठेतरी शिकावंच लागेल ना?"

वडिलांनी बहिणीकडे पाहिलं. आत्या भात कालवत होती. तिनं वर न बघता सांगितलं, जिथल्या बाईंनी दार लोटून येऊ नकोस म्हटलं, त्या कुठल्या दुसऱ्या कॉलेजचं नाव घेतात ते विचारून ये, तिथे जा. टिटवीनं तसंच केलं. बाईंनी सुचवलेलं कॉलेज लहान होतं, इमारत जुनाट, स्टुडिओ म्हणजे पुठ्ठे ठोकलेली एक खोली. तिचं नाव तिथे लागलं.

प्रवेश झाल्यावर काही आठवड्यांनी ड्रायव्हिंगवाल्या बाईंचा आत्याला फोन आला. त्या म्हणाल्या, एका ठिकाणी जायचंय, एकटीला जमणार नाही, याल का? आत्या गेली. बाईंनी गाडी कॉलेजच्या मागच्या फाटकाशी उभी केली. पहारेकऱ्यानं दोघींना ओळखलं आणि काही न विचारता आत सोडलं.

टाकीभोवतालचं गवत कापलेलं होतं. कुणाला चढता येऊ नये म्हणून शिडीच्या तळाशी नवा लोखंडी पत्रा लावून तो चारही बाजूंनी वेल्डिंगनं जाम केला होता. बाईंनी पर्स गवतावर ठेवली. पत्र्याच्या कडेत बोटं रोवली, एक पाय खांबाला लावला आणि दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून ओढलं. पुन्हा ओढलं. त्यांच्या कपाळावरची शीर तटतटली, पायाखालचं गवत चिरडलं. आत्या मध्ये पडली नाही.

पत्रा जागचा हलला नाही. बाईंनी बोटांना लागलेली धूळ रुमालाला पुसली, घड्याळ पाहिलं, आणि म्हणाल्या की निघायला हवं, पुढचा शिकाऊ वाट बघत असेल, आज त्याला पहिल्यांदाच मोठ्या रस्त्यावर न्यायचंय.